वेशीबाहेरचे तीन दगड

मराठी विकिपीडियावर मी गेली नऊ वर्षं संपादन करतोय. इथे कधी त्याबद्दल लिहिलं नव्हतं. परवा एका मित्रानं विचारलं, "रात्री जेवण झालं की तू रोज लॅपटॉप उघडून नेमकं काय करतोस?" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून ही पोस्ट.

नोकरी पुण्यात, गाव मंगळवेढा तालुक्यात. गावच्या वेशीबाहेर तीन दगड उभे आहेत, शेंदूर फासलेले. लहानपणी आम्ही त्यांना देवच समजायचो. लग्नाची वरात तिथं थांबायची, नारळ फुटायचा. कॉलेजात गेल्यावर कळलं की हे वीरगळ, लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत गाई आणि झुंज, म्हणजे गावचं गोधन राखताना पडलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते असतील तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. नाव मात्र कुठेच कोरलेलं नाही.

तेव्हापासून वीरगळ, सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचे दगड), गधेगाळ (गाढवाचं चित्र आणि शाप कोरलेले दानाचे दगड) आणि जुने मराठी शिलालेख हा माझा विकिपीडियावरचा प्रांत. सिनेमा, क्रिकेट, राजकारणाच्या लेखांत मी फक्त कुणी उत्पात केला असेल तर तो उलटवतो.

सगळ्यात जीव जडलाय तो हत्तरसंग कुडलच्या मराठी शिलालेखावर. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. शेवटी कोरलंय, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल! हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की आपण लिहिलेलं वाचणाऱ्याचं भलं व्हावं. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

शाळेत आपण पहिला मराठी शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळ शिकलो. मग हत्तरसंग आलं, आणि अलिबागजवळच्या आक्षीचा गधेगाळही. आक्षीचा शिलालेख काही अभ्यासक शके ९३४ चा म्हणतात. काहींना ते वाचन मान्य नाही, ते त्याला बराच उशिराचा ठरवतात. 'पहिला' हा शब्द कुणाला द्यायचा यावरून विकिपीडियावरच्या लेखाच्या चर्चापानावर लोक हिरिरीनं भांडतात. मला स्वतःला हत्तरसंगच पहिला असावा असं फार वाटतं, पण लेखात माझ्या वाटण्याला जागा नाही. कुणी काय वाचलं आणि कशाच्या आधारे, एवढंच तिथं लिहायचं.

आता ज्यावर मला खरं बोलायचंय ते. वेशीबाहेरच्या त्या तीन दगडांवर मी आजवर एक ओळही लिहू शकलेलो नाही. कारण त्यांची नोंद छापलेली कुठेच सापडत नाही, आणि विकिपीडियावर मूळ संशोधन चालत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय, हा संदर्भ होत नाही. सुरुवातीला या नियमाचा फार राग यायचा. पण शेजारच्या एका गावातल्या वीरगळावर तीन वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या पूर्वजाचं नाव सांगितलेलं मी ऐकलंय. दगडावर नावच नसेल, तर ज्याचं संपादन शेवटचं त्याचा पूर्वज तिथं चिकटणार. तेव्हापासून मी या नियमाच्या बाजूनं ठामपणे उभा आहे. कुणी वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा चिकटवला तर तोही काढतो. लोक दुखावतात, मनापासून मेहनत केलेली असते त्यांनी. पण तो मजकूर दुसऱ्याचा आहे, प्रताधिकार त्याचा आहे.

फोटोला मात्र ही अडचण नाही. आमच्या तिन्ही दगडांचे फोटो मी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्याच मुक्त चित्रसंग्रहावर, चढवलेत, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. रस्ता रुंद करताना असे दगड जेसीबीनं बाजूला फेकलेले मी पाहिलेत. तुमच्या गावात, देवळामागे, पारावर, विहिरीच्या कडेला असा दगड असेल तर शेंदूर न खरवडता, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढा. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं.

आणि घरात जुन्या स्मरणिका असतील, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या, देवस्थानाच्या, तालुका साहित्य संमेलनाच्या, तर रद्दीत घालू नका. त्यात कुणा शिक्षकानं गावच्या दगडांवर दोन पानं लिहिलेली असतात. मंगळवेढा भागातल्या अशा स्मरणिका कुणाकडे असतील तर कृपया मेसेज करा, मी येऊन बघून जाईन.