शाळेच्या ‘हेरिटेज’ मेसेजबद्दल खुलासा

पेठेतल्या ग्रुपवर परवापासून फिरतंय की आपली जुनी शाळा हेरिटेज यादीत गेली की पुरातत्व खातं ताब्यात घेणार आणि १०० मीटरच्या आत कुणाला घरावर वीटसुद्धा चढवता येणार नाही. असं काही नाही ओ. ती १०० मीटरची बंदी आणि तिच्यापुढं २०० मीटर परवानगीचं लचांड केंद्राच्या कायद्यातलं, २०१० च्या दुरुस्तीनं आलेलं, ते भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांना लागू. शहराची हेरिटेज यादी वेगळी, तिच्यात वास्तूच्या महत्त्वाप्रमाणं ग्रेड असतात, मालकी संस्थेकडंच राहते, पाडायला किंवा मोठे बदल करायला मात्र आधी परवानगी लागते. गळकी कौलं, वाळवी लागलेला जिना, हे दुरुस्त करायला बंदी नाही, आणि ते पावसाळ्याआधी करायलाच पाहिजे. मेसेज कुणाच्या सोयीचाय, ते तिथल्या जागेचा भाव बघून ठरवा.