चार गायी, एक एकर नेपिअर आणि खताचा हिशेब

गेले काही महिने दूध उत्पादकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : ज्याच्या दारात गोठा आहे त्याला रासायनिक खताच्या पिशवीची गरज नाही, चार गायींचे शेण एक एकर नेपिअरला (वर्षानुवर्षे कापल्या जाणाऱ्या चाऱ्याच्या गवताला) वर्षभर पुरते, कमी पडलेच तर जिवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण, ते भरून काढते, चारा हिरवागार दिसला की तो सकस आहे असे समजावे आणि माती परीक्षण हा पैशांचा अपव्यय आहे. शेणखताविषयीची आस्था मलाही आहे, आणि म्हणूनच या विधानांचा एकेक करून हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान शेण वर्षभर पुरते हे. पाणी आणि व्यवस्था चांगली असेल तर संकरित नेपिअर एकरी वर्षाला 60 टन हिरवा चारा देऊ शकते. त्यात सुका भाग 18 टक्के धरला तर तो पावणेअकरा टनांच्या आसपास भरतो. सुक्या भागात 9 टक्के प्रथिने असतील, तर त्या प्रथिनांसोबत सुमारे 155 किलो नत्र (नायट्रोजन) जमिनीतून उचलले जाते. पोटॅशियम दोन टक्केच धरले तरी 216 किलो होते, म्हणजे खताच्या भाषेत पालाश सुमारे 260 किलो. ही उचल दर वर्षाची आहे, कारण नेपिअरचे ठोंब एकदा लावले की कापणीमागून कापणी घेतली जाते आणि प्रत्येक कापणीत झाडाचा जवळजवळ सगळा वरचा भाग रानाबाहेर जातो. ज्वारी-बाजरीच्या रानात निदान धसकटे आणि पाला मागे राहतो, वैरणीच्या रानात तेवढेही राहत नाही.

आता जमेची बाजू पाहू. एका गायीचे रोजचे शेण 15 किलो धरले तर चार गायींचे वर्षाला सुमारे 22 टन होते. यातील चार पंचमांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. खड्ड्यात कुजून त्याचे साधारण निम्मे, म्हणजे 11 टन शेणखत उरते. चांगल्या शेणखतात नत्र आणि पालाश प्रत्येकी अर्धा टक्का आणि स्फुरद (फॉस्फरस) पाव टक्का धरतात. म्हणजे 55 किलो नत्र, 55 किलो पालाश आणि 27 किलो स्फुरद. त्या नत्रापैकी पहिल्या वर्षी पिकाला साधारण एक तृतीयांश मिळते, उरलेले पुढील वर्षांत हळूहळू सुटते. दरवर्षी खत घालत राहिल्यास हा साठा कामी येतो हे खरे, पण 55 किलो घालून 155 किलो उचलण्याचा व्यवहार जमीन किती वर्षे सोसणार?

शेणखताने उत्पादन येतच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग अखंड चालू आहे, आणि तेथे केवळ शेणखतावर रासायनिक खतांच्या तोडीचे पीक आलेले आहे. पण ते खत हेक्टरी 35 टन, म्हणजे एकरी 14 टन, आणि दरवर्षी दिले जाते. शिवाय तेथील पीक गव्हाचे आहे, वर्षातून अनेकदा कापल्या जाणाऱ्या नेपिअरचे नाही.

या संदेशात सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे : त्यात गोमूत्राचा उल्लेख फक्त जिवामृतापुरता येतो. गायीच्या पोटात गेलेल्या नत्राचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा दुधात उतरतो आणि बाकीचे शेण-मूत्रातून बाहेर पडते. मूत्रात नत्राचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा असतो आणि पालाशाचा तर बहुतांश. एका गायीचे रोज 10 लिटर मूत्र आणि त्यात 0.8 टक्का नत्र धरा. चार गायींचे वर्षाचे नत्र 115 किलोंच्या घरात जाते, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या साडेपाच पिशव्या. शेण आणि मूत्र मिळून नेपिअरची नत्राची गरज कागदावर जवळजवळ भागते, आणि संदेशातील सत्याचा अंश तेवढाच आहे. प्रत्यक्षात मात्र हे मूत्र गोठ्याच्या नालीतून ओढ्याला जाते किंवा कोब्यावर पसरून राहते, आणि त्यातील युरियाचा अमोनिया होऊन तो एक-दोन दिवसांत हवेत निघून जातो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास हा रानात जायला हवा असलेल्या खताचाच वास असतो. कोब्याला नीट उतार देऊन मूत्र टाकीत घ्यावे, पाटाच्या पाण्यात भरपूर पातळ करून सोडावे, किंवा जनावरांखाली उसाचे पाचट आणि वैरणीचे उष्टे अंथरून त्यात जिरवावे आणि ते अंथरूण खड्ड्यात टाकावे. पिशवीवरचा खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर त्याची सुरुवात येथून होते.

जिवामृताविषयी थोडक्यात. 200 लिटर जिवामृतात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो बेसन आणि 2 किलो गूळ असतो. या सर्वांतील नत्र पाव किलोच्या आतच भरते. महिन्यातून दोनदा दिले तरी वर्षाला एकरी सहा किलोंपेक्षा कमी. त्यातील जिवाणू जमिनीत असलेले अन्न सुटे करण्यास मदत करतील, पण जमिनीत नसलेले पालाश ते निर्माण करू शकत नाहीत.

हिरवा तेवढा सकस, हे विधान तर जनावराच्या जिवावर बेतू शकते. गोठ्याचे धुवण वर्षानुवर्षे ज्या कोपऱ्यात जाते, तेथील चारा काळपट हिरवा दिसतो. तेथे ज्वारी, मका किंवा नेपिअर असेल आणि पाण्याचा ताण पडला असेल, तर पानात नायट्रेट साठते. पोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. रक्त चॉकलेटी दिसू लागल्यावर पशुवैद्य येईपर्यंत फार वेळ हाताशी नसतो. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किरळ लागते ती वेगळ्या विषाने, पण नत्राचा अतिरेक तिलाही खतपाणी घालतो. शिवाय अशा चाऱ्यात पालाश जास्त असल्यास गाभण, विण्याच्या बेतातील गाईला दुग्धज्वराचा (विताना रक्तातील कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत तिला त्या कोपऱ्यातला चारा देऊ नये.

लसूणघासाचे गणित पुन्हा निराळे. ते पीक आपले नत्र मुळांवरील गाठींतून मिळवते, त्याला हवे असते स्फुरद आणि पालाश. तरीही अनेक ठिकाणी नेपिअर आणि घास या दोहोंवर एकच शेण आणि एकच युरिया पडतो.

राहिले माती परीक्षण. ज्या गोठ्यात सरकी पेंड, मका भरडा आणि मुरघास सर्व विकत येते आणि रान मात्र अर्धा एकरच आहे, तेथे वरचा सगळा हिशेब उलटतो. बाहेरच्या रानांतील स्फुरद-पालाश खाद्यातून येऊन त्या अर्ध्या एकरात साचत राहते, आणि तेथे पिशवी खरोखरच नको असते. दोन शेजारी, दोघांकडे चार-चार गायी, आणि दोघांना सल्ला अगदी विरुद्ध द्यावा लागेल. कोणता कोणाला, हे संदेश वाचून कळणार नाही, मातीचा नमुना तपासूनच कळेल. नमुना घेताना उकिरड्याची जागा, पाटाचा काठ आणि बांध टाळावा. शेणखत घालण्यापूर्वी रानातील आठ-दहा ठिकाणची 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करावी. गोठ्याजवळचा कोपरा आणि लांबचे रान यांचे नमुने मात्र वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत.