प्रतिक्रियेला उत्तर: बार्बारोच्या बातमीसाठी मी का थांबायचे

नमस्कार डिचोलीकर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली फक्त 'एक डिचोलीकर' एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणते, राग मानू नका. २९ जानेवारीला मी अमेरिकेतल्या बार्बारो या शर्यतीच्या घोड्यावर लिहिलं होतं, २००६ साली त्याचा पाय मोडल्यावर आम्ही त्याच्या तब्येतीची बातमी कशी रोज बघायचो त्याबद्दल, आणि त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, तुमचं म्हणणं असं की आपल्या गोव्यात रेसकोर्स नाही, आपल्याला घोडा माहीत तो शिगम्यातल्या घोडेमोडणीचा, कमरेला बांधलेला लाकडी, आणि आपल्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकखाली गुरं मरत होती तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या करोडपतीच्या घोड्यासाठी रडत होता, रस्त्यावरच्या गुरासाठी कोण थांबलं होतं? दुसरं, त्याला आठ महिने जिवंत ठेवला तो प्रेमापोटी नाही, पैदाशीच्या पैशासाठी, आणि त्या छळाला तुम्ही भक्ती म्हणता. तिसरं, त्याचा पाय शर्यतीनंच मोडला, ते तुम्ही एका ओळीत उरकलं.

तीन दिवस मी उत्तर लिहिलं नाही कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा लागलं मला ते. मग परत वाचलं. तिसरा मुद्दा तुमचा पूर्ण बरोबर आहे, तो आधी घेते.

६ मे २००६ ला बार्बारोनं केंटकी डर्बी साडेसहा लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, तोपर्यंतच्या सहाही शर्यती त्यानं जिंकलेल्या, एकही हार नाही. नुकतीच ३ वर्षं पूर्ण झालेली. दोनच आठवड्यांनी, २० मेला, बाल्टिमोरच्या पिम्लिको रेसकोर्सवर प्रीकनेस ही पुढची मोठी शर्यत. तिथे तो सुरुवातीच्या गेटमधून वेळेआधीच बाहेर पडला, त्याला परत आणलं, तपासलं, पुन्हा गेटमध्ये घातलं, आणि शर्यत सुटल्यावर थोड्याच अंतरावर उजवा मागचा पाय गेला. जॉकी एडगर प्रादोनं त्याला कसाबसा थांबवला. डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट या तिन्ही मोठ्या शर्यती पाच आठवड्यांत, आणि त्या धावायच्या ३ वर्षांच्या घोड्यानं, ही त्या खेळाची रचनाच आहे. दोन वर्षांनी २००८ च्या डर्बीत एट बेल्स नावाची घोडी दुसरी आली आणि शर्यत संपल्या संपल्या तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले, तिला तिथेच ट्रॅकवर संपवावं लागलं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते लिहायला हवं होतं. मला त्याच्या आजारपणाबद्दल लिहायचं होतं म्हणून पाय मोडण्याचं कारण घाईत सोडून दिलं, ते चुकलं माझं.

आता पैशाचं. पैसा नव्हताच असं मी म्हणणार नाही. डर्बी जिंकलेला नर म्हणजे पुढे कित्येक वर्षं पैदाशीचं उत्पन्न, आणि थरोब्रेडमध्ये, म्हणजे या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतनाचं पिल्लू नोंदवूनच घेत नाहीत, नराला प्रत्यक्ष घोडीवर जावंच लागतं, म्हणजे मागच्या दोन पायांवर सगळा भार. त्याचे मागचेच पाय गेले होते, उजवा शर्यतीत आणि डावा पुढे जुलैत, ते खाली सांगते. जुलैमध्ये ज्यांनी त्याची अवस्था ऐकली त्यांना हे कळत होतं की पैदाशीचा हिशोब आता फार दूरची गोष्ट आहे, आणि तरी उपचार चालू राहिले. मालक रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन श्रीमंत होते म्हणून हे परवडलं, हे खरंच आहे. गरीब मालकाचा घोडा त्याच दिवशी गेला असता. पण श्रीमंत मालकांचेही बहुतेक घोडे त्याच दिवशी जातात, त्यामुळे 'फक्त पैशासाठी' हे मला पटत नाही.

आणि 'छळ'. इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल कारण घोड्याचा पाय मोडणं म्हणजे काय हे मलाही त्याच वर्षी कळलं.

घोडा साधारण ५०० किलोचा, आणि गुडघ्याच्या खाली त्याच्या पायाला मांस नाहीच, हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) आणि कातडी, म्हणून रक्तपुरवठा कमी आणि हाड जुळायला कठीण. माणसाला आपण पलंगावर झोपवतो, घोड्याला आठवडेच्या आठवडे आडवं ठेवता येत नाही, त्याची फुप्फुसं आणि आतडी ते सहन करत नाहीत. म्हणजे मोडलेल्या पायासकट त्यानं उभंच राहायचं. मग तो भार दुसऱ्या पायावर टाकतो, आणि त्या चांगल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस होतो. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे जे बारीक पदर असतात ते सुजतात, सुटतात, आणि हाड खुरातल्या खुरात खाली सरकायला लागतं. बरेच घोडे मोडलेल्या पायानं नाही, या दुसऱ्या पायानं मरतात.

बार्बारोला त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरला नेलं, ते विद्यापीठाचं जनावरांचं हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशी डॉ. डीन रिचर्डसननी ऑपरेशन केलं. घोट्याखालच्या हाडाचे २० हून जास्त तुकडे झालेले, स्टीलची पट्टी आणि २७ स्क्रू. आणि शुद्धीवर आणायला त्याला झोळीत उचलून पाण्यावरच्या तराफ्यात ठेवलं, ज्याला चार पायांसाठी चार पिशव्या असतात, का तर १९७५ साली रफियन नावाच्या घोडीचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि भूल उतरताना ती इतकी झटापट करत उठली की प्लास्टरसकट सगळं मोडून घेतलं आणि तिला संपवावं लागलं. पाण्यात पाय झाडले तर पाणीच ते झेलतं. एवढं सगळं करूनही डॉक्टरांनी बाहेर येऊन शक्यता निम्मी-निम्मीच सांगितली. मला तिथेच त्या माणसाबद्दल विश्वास वाटला, डिचोलीकर. जुलैत डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, खुराचं ८० टक्के कवच काढावं लागलं, तेव्हाही त्यांनी सरळ सांगितलं की आशा कमी आहे. चांगलं बोलून लोकांना झुलवलं नाही. लोक गाजरं, सफरचंदं, फुलं, कार्डं पाठवत होते, हॉस्पिटलच्या फाटकाला बोर्ड बांधत होते, आणि एवढ्या लोकांना रोज खरं सांगणं सोपं नसतं.

आता तुमचा पहिला मुद्दा, जो मला सगळ्यात लागला.

तेव्हा मी साखळीला बाजारात एका दुकानात बसायचे, एसटीडी, झेरॉक्स आणि मागे दोन कॉम्प्युटर. पेनसिल्व्हेनियात सकाळचे दहा वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे तिथली सकाळची बातमी यायची तेव्हा माझी दुकान आवरायची वेळ. लाइट असली तर. त्या जुलैत निम्म्या दिवशी लाइट नसायची.

आणि त्याच जुलैत आमच्या शेजारच्या काकीच्या पाडीला ट्रकनं उडवलं. हो, खनिजाच्याच ट्रकनं, तुम्ही म्हणता तशीच. सहा-सात महिन्यांची पाडी, पुढचा डावा पाय गुडघ्याच्या खाली लोंबत होता. ट्रकवाला थांबला नाही. गुरांचे डॉक्टर आले, ते म्हणाले हाड कातडीच्या बाहेर आलेलं नाही, जनावर लहान आहे, वजन कमी आहे, बघूया. बांबूच्या कामट्या लावून प्लास्टर घातलं. आणि काकीला एकच काम सांगितलं, रोज संध्याकाळी प्लास्टरचा वास घ्यायचा. कुजका वास आला तर लगेच बोलवा, एक रात्र थांबू नका.

काकी रोज दिवेलागणीला गोठ्यात वाकून त्या प्लास्टरला नाक लावायची. पावसानं भिजू नये म्हणून युरियाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधलेला असायचा, तो आधी सोडायची, वास घ्यायची, मग परत बांधायची. मी दुकानातून घरी येताना तिच्या दारात थांबायचे. तिनं मान हलवून 'ना' म्हटलं म्हणजे वास नाही, म्हणजे आजचा दिवस गेला. आणि मी एकटी नव्हते थांबत. दूध घालणारा थांबायचा. शाळेची पोरं डोकवायची. वाळपईच्या बसचा कंडक्टर, ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही, तो बस आमच्या वळणावर हळू झाली की दारातून ओरडायचा, "पाडी कशी आसा गो?" आणि काकी आतून ओरडायची, "आसा, आसा."

तर रस्त्यावरच्या गुरासाठी कोण थांबलं होतं विचारता ना, तर हे थांबले होते. एका पाडीसाठी थांबले, बाकी कितीतरी तशीच गेली, ते मी नाकारत नाही. पण घोड्याची बातमी वाचत होते म्हणून मला पाडी दिसली नाही असं झालं नाही, झालं ते उलटं. प्लास्टरच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, चांगल्या पायावर लक्ष ठेवायचं असतं, जनावर आडवं पडून नीट झोपतंय का ते बघायचं असतं, हे मी तिकडचं वाचून काकीला सांगायचे, आणि काकी वास घेते हे बघून मला तिकडे ते प्लास्टर सारखं का बदलतात ते कळायचं. गुरांचं एक बरं, ती तासन् तास बसून रवंथ करू शकतात, घोड्याला ती सोय नाही. चवथीच्या आधी पाडीचं प्लास्टर काढलं, साधारण पाच आठवडे झाले असतील. पाय थोडा वाकडा राहिला, पण टेकवायला लागली. त्याच दिवसांत बार्बारोलाही बाहेर गवतावर न्यायला सुरुवात झाली होती, हातात दोरी धरून, थोडा वेळ. मी काकीला तेही सांगितलं. तिनं घोडा जन्मात कधी जवळून पाहिला नव्हता, तुम्ही म्हणता तसा घोडेमोडणीतलाच, पण त्यानंतर ती विचारायला लागली, "तुजो घोडो कसो आसा?"

अजून एक गोष्ट जी मूळ लेखात नव्हती. बार्बारो गेल्यावर ते गाजरं-कार्डं पाठवणारे लोक पांगले नाहीत. कत्तलखान्यात जाणारे घोडे लिलावात पैसे भरून सोडवायला लागले, लॅमिनायटिसच्या संशोधनासाठी पैसे गोळा झाले, ग्रेचेन जॅक्सन स्वतः घोड्यांच्या कत्तलीविरुद्ध बोलल्या. २००७ मध्येच अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले, ते कायद्यानं आणि कोर्टातून, एकट्या या लोकांमुळे नाही, पण त्यात बोलणाऱ्यांमध्ये हे होते. म्हणून नुसतं 'रडत बसलेले लोक' म्हटलेलं मला खटकलं.

आता छळाबद्दल राहिलेलं. आठ महिने म्हणजे सलग आठ महिने वेदना, असं नव्हतं. तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटापासून, म्हणजे ऑगस्टपासून, डिसेंबरपर्यंत तो खात होता, बाहेर जात होता, नोव्हेंबरमध्ये उजव्या पायाचं प्लास्टरही निघालं, केंटकीला हलवायची गोष्ट निघाली होती. जानेवारीत परत डाव्या खुराचं सुरू झालं, मग उजव्या पायात गळू, आणि शेवटी पुढच्या दोन्ही पायांत लॅमिनायटिस. चारी पाय. टेकवायला एकही चांगला पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७ ला सकाळी मालकांनी आणि डॉक्टरांनी मिळून थांबवलं. जुलैतच थांबवायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही, तेव्हा तसं म्हणणारे जाणकार लोकही होते. मला वाटतं ऑगस्टच्या गवतासाठी जुलै सोसणं योग्य होतं, पण जानेवारीतले शेवटचे दोन-तीन आठवडे योग्य होते की नाही, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

आपल्याकडे बातमी आली तेव्हा रात्र झाली होती, दुकान बंद, मी दुसऱ्या दिवशी वाचली. काकीकडे गेले. पाडी अंगणात होती. काकीनं माझं तोंड बघूनच ओळखलं, कसा गेला, काय झालं, काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "आदले राती न्हिदलो काय ना तो?" म्हणजे आदल्या रात्री झोपला की नाही.

मी म्हटलं, ना गो, रात्रभर त्रास झाला त्याला.

तुमची प्रतिक्रिया वाचताना मला हे आठवलं आणि मग लक्षात आलं की मूळ लेखात मी 'तो शेवटपर्यंत आनंदात होता' असं लिहून ठेवलंय. काकीला मी खरं सांगितलं होतं आणि तुम्हाला वाचकांना नाही. ते वाक्य मी आज काढलंय, त्या जागी शेवटची रात्र त्याला त्रासाची गेली असं लिहिलंय, आणि शर्यतीबद्दलचा वरचा भागही तिथे जोडलाय. वेळ मिळाला तर परत वाचा, आणि अजून काही चुकलेलं दिसलं तर कळवा.