रात्रीचा प्रवास नको

मुलं झोपतात म्हणून लांबच्या प्रवासाला रात्री निघा, हा लेखातला सल्ला काही पटला नाही. मुलं झोपतील हो, पण चालवणाऱ्याचं काय? सोलापूरहून पुणे साधारण २५० किलोमीटर. पहाटे पाचला निघालं की ऊन चढायच्या आत निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडतो. टेंभुर्णीला पाय मोकळे करायचे. हिवाळा असेल तर भिगवणला थोडं आत वळून उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो दाखवायचे, पोरं मोबाईल मागत नाहीत. खायला कडक भाकरी न् शेंगा चटणी (धाकट्यांना नुसती दही-भाकरी). आणि पुढच्या सीटवर मुलाला मांडीत घेणं बंद करा, आजी रुसली तरी चालेल. ब्रेक जोरात लागला तर हातांनी मूल धरून ठेवता येत नाही.