लाल-काळ्याची शक्यता निम्मी नसते

'लाल किंवा काळ्यावर लावलं की जिंकण्याची शक्यता निम्मी' हे रुलेटवरच्या लेखातलं वाक्य चूक आहे, आणि नवखा माणूस नेमका त्यावरच विसंबतो. (रुलेट म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या आकड्याच्या खाचेत पडेल यावर पैसे लावायचा कॅसिनोतला खेळ.) हिरवं शून्य धरलेलंच नाही. युरोपियन चाकाला 37 खाचा, त्यात लाल 18, म्हणजे 48.65 टक्के. अमेरिकन चाकावर दुहेरी शून्यही असतं, तिथे 47.37. शून्य आलं की लाल-काळा, सम-विषम, डझन किंवा कॉलम (बारा-बारा आकड्यांचे गट), सगळ्यांवरचे पैसे जातात. फ्रेंच टेबलावर 'ला पार्ताज' नियम असेल तरच लाल-काळा, सम-विषम असल्या डावांची निम्मी रक्कम परत मिळते. हे लिहायला हवं होतं.

टेबलावर एका आकड्यावर लावलं तर 35 पट (लावलेली रक्कम वेगळी परत), दोन आकड्यांमधल्या रेघेवर 17, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर 8 हे दर बरोबर दिलेत. पण ते 36 खाचा धरून ठरलेले आहेत, कॅसिनोची कमाई तिथेच: 100 रुपयांमागे सरासरी 2.70, दुहेरी शून्याच्या चाकावर 5.26. सगळ्यात वाईट डाव तर लेखात नाहीच. अमेरिकन टेबलावर शून्याची आणि 1 ची रेघ बाहेरच्या कडेला जिथे मिळते, तिथे चिप (पैशांऐवजी लावायची चकती) ठेवली की 0, 00, 1, 2, 3 असे पाच आकडे लागतात. मिळतात फक्त 6 पट, आणि 100 मागे 7.89 जातात.