साडू, टीएमसी आणि कोलोरॅडो

आमचे साडू, ज्यांना अख्खं सासर अण्णा म्हणतं, पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनियर म्हणून रिटायर झालेत आणि राहतात नाशिकला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी काही भांडणं येणार आहेत ती सगळी या एका वाक्यातूनच निघतात.

यंदा मे मधे ताई आणि अण्णा आमच्याकडे ॲरिझोनात फिनिक्सला आले आणि आम्ही चौघं गाडीने निघालो. फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅनियन, पेज, तिथून युटातलं झायन, मग लास वेगास, हूवर डॅम आणि कोलोरॅडो नदीच्या कडेकडेने पार्करवरून घरी. मागच्या सीटवर दोघी बहिणी, त्यांचं जग वेगळं, त्यात लग्नं, साड्या आणि मधेच डुलकी. पुढे माझ्या शेजारी अण्णा. माणूस मनाने चांगला आहे हो, पण गाडीत असह्य आहे. जीपीएस बाईने उजवीकडे म्हटलं की हे "नाही नाही, सरळ" म्हणणार, बर्फ घातलेलं पाणी दिसलं की घसा बसल्याचं नाटक, एसी कमी करा, आता वाढवा, आणि हे सगळं चालू असताना मांडीवर फोन, फोनवर मराठी न्यूज चॅनेलची डिबेट फुल आवाजात, आणि त्यातल्या प्रत्येक वक्त्याला अण्णांचं उत्तर. ते उत्तर ऐकायला गाडीत मी एकटाच.

त्यात ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. म्हणजे उन्हाळ्यात बाकी जवळजवळ सगळी अमेरिका एक तास पुढे जाते, आम्ही जात नाही, पण ॲरिझोनाच्या आतला नॅव्हाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश जातो, पेज गाव पुन्हा जात नाही, युटा जातं, आणि नेवाडात गेलं की परत आमचाच टाईम. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ प्रत्येक ठिकाणी बदललं आणि प्रत्येक वेळी "ही काय सिस्टिम झाली?" असं मलाच विचारलं, जसं काही मी कायदा केलाय. यावर खरंच माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मूळ वाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं, गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा वगैरे, आणि खाली पैठणला जायकवाडी, ज्याच्यावर मराठवाडा जगतो. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समितीने कोणी किती पाणी सोडायचं याचा तक्ता करून दिला, आणि नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्यांनी पाणी सोडायचं. दुष्काळी वर्ष आलं की नाशिक-नगरवाले रस्त्यावर, मराठवाडावाले रस्त्यावर, सगळे कोर्टात. अण्णा अर्थातच नाशिकच्या बाजूने, पण त्यांची लेक दिलीय संभाजीनगरला, त्यामुळे व्याह्यांबरोबर हे भांडण दर दिवाळीला घरातच होतं.

आणि या वादात दर वेळी कोणीतरी एक वाक्य टाकतं, तेच अण्णांनीही आय-१७ हायवेवर फिनिक्सच्या बाहेर पडायच्या आतच टाकलं: "तुमच्याकडे बरंय, तिथे नियम म्हणजे नियम. आपल्याकडे पाण्याचं राजकारण करतात." मी बाहेर राहतो म्हणून हे वाक्य मला कौतुकासारखं ऐकवतात आणि मी मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मान डोलवणारे पुष्कळ आहेत इकडे, सोसायटीच्या गणपतीत भेटतात. मला ते वाक्य साफ खोटं वाटतं.

कोलोरॅडोचं वाटप १९२२ च्या करारात झालं. सात राज्यं, वरच्यांना ७५ लाख एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील ते एक एकर-फूट), खालच्यांना ७५ लाख. अण्णांनी लगेच पेन मागितलं, टिश्यूवर गणित केलं, म्हणाले म्हणजे सगळं मिळून साडेसहाशे टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). वर १९४४ च्या तहाने मेक्सिकोला अजून १५ लाख एकर-फूट. गंमत अशी की हा हिशोब ज्या वर्षांच्या नोंदींवर बेतला ती वर्षं नेमकी ओली होती. नदीत तेवढं पाणी कायमचं कधी नव्हतंच, आणि २००० सालापासून तर सरासरी १२० लाख एकर-फुटांच्या आसपासच येतंय. जे पाणी नाही ते कागदावर वाटून बसलेत आणि आज शंभर वर्षं होऊन गेली तरी तोच कागद धरून भांडतायत.

हे ऐकून अण्णांनी फोन बंद केला, जे त्या ट्रिपमधे फार क्वचित झालं. "अरे पण विश्वासार्हता कुठली धरली?" मी म्हटलं म्हणजे? मग झालं, कॅमेरॉन गाव येईपर्यंत लेक्चर. कृष्णेच्या पाण्यासाठी जो बच्छावत लवाद बसला त्याने ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरलं, म्हणजे चारातल्या तीन वर्षांत जेवढं नक्की मिळेल तेवढंच, २०६० टीएमसी, आणि ते तीन राज्यांत वाटलं, महाराष्ट्राला ५६०. "वाटपावर भांड हवं तेवढं, पण आकडा तरी शुद्धीत राहून धरला होता की नाही?" मुद्दा शंभर टक्के बरोबर होता आणि तो मला अमेरिकेत वीज-पाणी भरून टॅक्स देताना कधी सुचला नव्हता. आमच्या नियम-म्हणजे-नियम वाल्यांना मी आता हा ऐकवतो.

ग्रँड कॅनियनबद्दल काही लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. अण्णा तिथे गप्प होते, ही त्याची महती समजा.

तिथून पूर्वेला उतरलं की नॅव्हाहोंचा मुलूख लागतो. लाल माती, लांब लांब एकेक घर, आणि रस्त्यावर पिकअप ट्रक, मागे प्लास्टिकची मोठी टाकी दोरीने बांधलेली. अण्णांनी पहिल्या ट्रकलाच ओळखलं. "हा टँकर आहे." हो, टँकरच म्हणा. तिथल्या जवळपास तीसेक टक्के घरांत आजही नळ नाही, लोक मैलोनमैल जाऊन पाणी भरून आणतात. आणि याच प्रदेशात पेजजवळ कोळशावरचं वीज केंद्र होतं, २०१९ ला बंद झालं, ज्याची वीज कोलोरॅडोचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने उचलून आम्हाला फिनिक्स-टूसानला आणायला वापरली जायची. म्हणजे कोळसा त्यांचा, धूर त्यांचा, आणि पाणी माझ्या सोसायटीच्या लॉनवर. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला की १८६८ च्या तहानुसार नॅव्हाहोंना पाणी मिळवून द्यायला केंद्र सरकारने स्वतःहून पावलं उचलायचं बंधन नाही. लातूरला २०१६ मधे मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं तेव्हा इकडच्या आमच्या ग्रुपवर लोकांना केवढी लाज वाटली होती, "इन द ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी" वगैरे. त्यातले निम्मे या रस्त्यावरून दरवर्षी पेजला फोटो काढायला जातात. टाकीवाले ट्रक त्यांना दिसत नाहीत असं कसं म्हणू, दिसतात, पण ते भारत नाही ना, मग ते लाजेच्या खात्यात मांडत नाहीत.

पेजला ग्लेन कॅनियन डॅम. ७१० फूट उंच, मागे लेक पॉवेल, बांधला तेव्हा २७० लाख एकर-फूट साठा. अण्णांनी टिश्यू उलटा केला: "अकरा जायकवाडी." मग कठड्याला टेकून बराच वेळ त्या कड्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले. पाणी पूर्वी कुठवर होतं ते त्या पट्ट्यावरून कळतं, क्षार बसलेत दगडावर. २०२३ च्या सुरुवातीला पातळी इथल्या तोवरच्या इतिहासात सगळ्यात खाली गेली होती. तिथल्या माहिती देणाऱ्या मुलीला त्यांनी गाळ किती साठला, गळती किती, बाष्पीभवन किती असं विचारून हैराण केलं, मी दुभाष्या. ती बिचारी आनंदाने उत्तरं देत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस त्रासदायक आहे कारण तो तीस-पस्तीस वर्षं ज्या विषयात राबला तो विषय आता कोणी त्याला विचारत नाही. पण संध्याकाळी हॉटेलच्या पार्किंगमधे स्पीकरवर कट्ट्याला फोन लावून "इथे सगळं मॅनेज्ड आहे" असं सांगताना ऐकलं, तेव्हा ती सहानुभूती तिथेच संपली.

झायनमधे चालले नाहीत, वेगासमधे गर्दीवर आणि कारंज्यांवर चिडले, हूवर डॅमवर खुश. आणि पार्कर डॅमवर आले तेव्हा मी राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. या धरणातून लॉस एंजेलिसकडे पाणी जातं. १९३४ मधे ॲरिझोनाच्या गव्हर्नरने, कॅलिफोर्निया आमचं पाणी पळवतंय म्हणून, बांधकाम थांबवायला चक्क सैन्य पाठवलं होतं, नॅशनल गार्ड, बोटींसकट. अण्णांनी मला तीन वेळा विचारलं, सैन्य? राज्याने राज्यावर? मग हेच दोन पक्ष १९५२ ला कोर्टात गेले आणि निकाल लागला १९६३ ला. आणि नंतर १९६८ मधे आमच्या कालव्याला मंजुरी हवी म्हणून ॲरिझोनाने लिहून दिलं की टंचाई आली तर आधी आमचं तोडा, कॅलिफोर्नियाचं नंतर. याला राजकारण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

धरणाबद्दल अण्णांना वेगळाच आनंद झाला, की ३२० फुटांपैकी २३५ फूट नदीच्या तळाखाली आहे. "पायातच सगळं!" ताईंनी मागून विचारलं आता जेवायचं का.

पार्करच्या खाली दोन्ही बाजूला हिरवीगार शेतं, बाहेर ४२ डिग्री. अण्णांनी काच खाली करून बघितलं, लसूणघास. इथे अल्फाल्फा म्हणतात, गुरांचा चारा. कोलोरॅडोचं सर्वात जास्त पाणी शेती पिते आणि शेतीतलं सर्वात जास्त हा चारा. पुढे व्हिक्सबर्गच्या बाजूला तर एका सौदी कंपनीने बोअरच्या पाण्यावर हा घास पिकवून जहाजाने तिकडच्या गाईंना नेला, कारण त्यांच्या देशात पाणी संपतं म्हणून चारा पिकवायला बंदी येत गेली, आणि या भागात मात्र जमिनीतलं पाणी किती उपसावं याला मर्यादाच नव्हती. बोंबाबोंब झाल्यावर २०२३ मधे राज्याने सरकारी जमिनीचे काही करार रद्द केले. अण्णा म्हणाले, "म्हणजे हा तुमचा ऊस." मी म्हटलं हो, आणि तुमच्यासारखंच इथेही त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

मग तुम्ही म्हणाल सगळं सारखंच आहे तर फरक काय. एक फरक मला खरा वाटतो आणि तो चारित्र्याचा नाही, कॅलेंडरचा आहे. २००७ मधे इथे ठरलं की लेक मीडची, म्हणजे हूवर डॅममागच्या तलावाची, पातळी १०७५ फुटांच्या खाली जायचा अंदाज असेल तर कोणाचं किती तोडायचं. हा अंदाज ऑगस्टमधे जाहीर होतो, पुढच्या पूर्ण वर्षासाठी. ऑगस्ट २०२१ ला पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट गेलं, अण्णांच्या भाषेत जवळजवळ २२ टीएमसी, आणि फटका बसला फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना. अन्याय झाला असंच मी म्हणेन, शहराला झळ नाही आणि शेतकऱ्याने जमीन पडीक टाकायची किंवा परत बोअरकडे वळायचं. पण त्याला पेरायच्या आधी कळलं होतं. जायकवाडीसाठी २०२३ ला साडेआठ टीएमसीचा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. तोवर वरच्याला माहीत नाही कालव्याचं आवर्तन किती मिळणार, खालच्याला माहीत नाही रब्बी करू की नको, आणि सोडलेल्या पाण्यातलं काही कोरडं पात्रच पिऊन टाकतं. आणि इथलेही नियम २०२६ पर्यंतचेच, नव्या वाटपावर सातही राज्यांनी एकमेकांची नरडी धरली, तेव्हा हे काही कायमचं नाही.

हे मी अण्णांना फिनिक्सच्या वेशीवर ऐकवलं आणि वर म्हटलं, तुम्हीही ऑगस्टमधे ठरवा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी काही बावळटासारखं बोललोय. "तुमचं पाणी बर्फाचं. डोंगरावर मोजायचं, उन्हाळ्यात वितळलं की हिशोब संपला. आमचा पाऊस सप्टेंबरात पण धरण भरतो. ऑगस्टमधे काय ठरवणार, कपाळ? १५ ऑक्टोबर ही तारीख बरोबरच आहे." आता याला मी काय बोलणार, बरोबरच होतं. मग मी माझी मागणी खाली आणली: ठीक आहे, १५ ऑक्टोबर, पण तक्ता तयार आहे, साठा रोज मोजला जातो, मग आठ दिवसांत आकडा काढून पाणी सोडायला काय हरकत आहे, चाळीस दिवस कशाला?

अण्णांनी सीट बेल्ट सारखा केला आणि म्हणाले, आठ दिवसांत सोडलं तर आम्ही कोर्टात कधी जायचं? आणि ते चेष्टा करत नव्हते.