आपल्या अभिप्रायास उत्तर : १२८ जीबीच्या मेमरी कार्डात ११९ जीबी का दिसते

सप्रेम नमस्कार.

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी आपल्याला काउंटरवर ताटकळत उभे राहावे लागले, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. रहाडींचे (रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरल्या जाणाऱ्या हौदांचे) फोटो काढणारी बरीच मंडळी त्या दिवशी एकाच वेळी कार्ड आणि बॅटरी घ्यायला महात्मा गांधी रोडवर आली होती आणि दुकानात आम्ही दोघेच होतो.

मात्र पुढे आपण लिहिले आहे की, ‘१२८ जीबीचे पैसे घेऊन ११९ जीबीचे डुप्लिकेट कार्ड गळ्यात मारले.’ हे वाचून फार वाईट वाटले. हा मजकूर आमचे इतर ग्राहकही वाचत असल्यामुळे त्याचा सविस्तर खुलासा करणे भाग आहे.

कार्ड बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाईट असे धरतात. आपल्या संगणकातील विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाईटना एक जीबी म्हणते. १२,८०० कोटींना या संख्येने भागले की ११९.२ उत्तर येते आणि आपल्याला दिसला तो हाच आकडा. तेच कार्ड अ‍ॅपलच्या मॅकला लावले तर १२८ च्या आसपास दिसेल, कारण मॅक कंपन्यांप्रमाणेच दशमान पद्धतीने मोजतो. ६४ जीबीचे कार्डही याच हिशेबाने विंडोजवर ५९ च्या घरात दिसते. यात आपली एका बाईटचीही फसवणूक झालेली नाही.

खरे तर डुप्लिकेट कार्ड आकडा अगदी चोख दाखवते. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि तिच्या कंट्रोलरमध्ये १२८ जीबी सांगण्याची सोय करून ठेवलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर फाइलचे नाव दिसते, पण फोटो अर्धा करडा येतो किंवा उघडतच नाही. लग्नाचे शूटिंग अशा रीतीने गमावलेले छायाचित्रकार आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही. म्हणूनच अधिकृत वितरकाच्या बिलाशिवाय आलेला माल आम्ही दुकानात ठेवत नाही. वडील फिल्मचे रोल विकत असत, तेव्हापासून हा नियम आहे आणि त्यासाठी अनेकदा कमी नफा पत्करला आहे.

ऑनलाइन ३५० रुपये स्वस्त मिळणाऱ्या ज्या कार्डाचा आपण दाखला दिला आहे, ते साध्या क्लास १० चे आहे. आपण आमच्याकडे फोर-के व्हिडिओसाठी कार्ड मागितले होते. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाईट) चित्रण करणारा कॅमेरा सेकंदाला साडेबारा एमबी लिहितो आणि क्लास १० मध्ये किमान १० एमबीचीच हमी असते, त्यामुळे आम्ही ३० एमबीची हमी असलेले व्ही-३० कार्ड दिले. हे त्याच वेळी सांगितलेही होते. पाकीट इथेच उघडून कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करून पाहावे, अशी विनंतीही केली होती. आपण घाई असल्याचे सांगून निघालात. थेट सार्वजनिक ठिकाणी ‘डुप्लिकेट’ लिहिण्याआधी बिलावरच्या क्रमांकावर एक फोन केला असता, तर एवढे सगळे फोनवरच समजावून सांगितले असते. छोट्या दुकानाचे पोट अशा शब्दांवर अवलंबून असते, हे कृपया ध्यानात घ्यावे.

सणांच्या दिवसांत काउंटरवर आणखी एक माणूस ठेवण्याचा आमचा विचार चालू आहे आणि जीबीच्या हिशेबाची पाटीही लवकरच लावू.

आपली शंका अजूनही फिटली नसेल, तर बिल आणि कार्ड घेऊन अवश्य यावे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने आपल्यासमोर ते कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचून दाखवू. त्यात एक जरी चूक निघाली, तर पूर्ण पैसे परत करू. या तपासणीस तासभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून शक्यतो सकाळी गर्दी नसताना यावे. त्यासाठी कार्ड पूर्ण रिकामे लागते, तेव्हा रंगपंचमीचे फोटो आधी संगणकावर उतरवून घ्यावेत.